पाठमोरं इंग्रजी

भाऊसाहेब गायकेंना मी गुंडांचे सिनेमे दिले आणि सांगितलं, इंग्रजी शिकायचं तर यातूनच. मूर्खपणा माझा होता. फळ त्यांना मिळालं.

वाळूजच्या आमच्या कारखान्यात ते अठरा वर्षं मशीनवर होते. गंगापूरहून कंपनीच्या बसनं यायचे. मशीनच्या नुसत्या आवाजावरून धातू कापणारं टूल कधी बदलायचं ते सांगायचे. मी क्वालिटी विभागात, मोजमापाची महागडी यंत्रं घेऊन बसलेला. तासाभरानं मीही त्याच निष्कर्षाला पोचायचो आणि वर सही करायचो. त्यांच्या हाताखाली शिकलेले तिघं डिप्लोमाच्या जोरावर शिफ्ट इन्चार्ज झाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना "ए गायके" म्हणू लागले. चौथ्यांदा जागा रिकामी झाली, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "परदेशी पाहुणे येतायत. त्यांना इंग्रजीत लाइन दाखवेल तो इन्चार्ज."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भाऊसाहेब ताट घेऊन माझ्यासमोर बसले.

"सर, तुमचं सगळं शिक्षण इंग्रजीत. मला लई नको. पाहुण्यायला मशीन समजंल एवढंच पायजे. एकदा तरी कोणी 'अहो गायके' म्हणावं, बास."

चार साधी वाक्यं लिहून दिली असती तर काम झालं असतं. पण मला करमणूक हवी होती. मी त्यांच्या मोबाईलमध्ये सात सिनेमे भरून दिले. साती सिनेमे मिळून एकही माणूस 'प्लीज' म्हणत नव्हता.

भाऊसाहेबांनी तो अभ्यास शेत नांगरावं तसा केला. बसमध्ये कानात वायर घालून एकेक वाक्य थांबवायचे, पुटपुटायचे, पुन्हा मागं न्यायचे. आणि मला आयुष्यात न दिसलेली एक गोष्ट त्यांनी पकडली. सिनेमातला मोठा माणूस महत्त्वाचं बोलताना समोरच्याकडे पाठ करतो, खिडकीबाहेर बघतो आणि मग आवाज खाली नेतो.

"इंग्रजी तोंडानं नाय येत सर," ते म्हणाले, "अंगानं येतं."

मग कँटीनच्या खिडकीकडे तोंड करून, हात मागं बांधून त्यांनी करून दाखवलं. आम्ही ताटं बडवली. त्यांना ती दाद वाटली.

"आन् शब्द आठवंना तर थांबायचं. थांबणाऱ्याला लोक भेत्यात."

रोज विचारायचे, "जमतंय का सर?" मी रोज सांगायचो, "फर्स्ट क्लास." खूश होऊन त्यांनी एकदा शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा आणून दिल्या. मी त्या ऑफिसात वाटून खाल्ल्या आणि खाता खाता त्यांची नक्कल केली.

पाहुणे आले. एक उंच गृहस्थ, एक बाई. भाऊसाहेबांनी दाढी केली होती, गणवेशाला इस्त्री होती. पाहुणे मशीनजवळ येताच त्यांनी पाठ फिरवली, हात मागं बांधले आणि भरपूर थांबले. मॅनेजर खाकरले. मग भाऊसाहेब गर्रकन वळले आणि खर्जातल्या इंग्रजीत म्हणाले, "हात वर. जो हलेल तो मरेल."

सुरक्षेची सूचना होती ती. चालू मशीनजवळ हात नेऊ नका, एवढंच सांगायचं होतं त्यांना. पाहुण्यांचे हात खरंच वर गेले. मग सगळी लाइन हसली. बाईही हसल्या, पण लगेच सावरून त्यांनी विचारलं, टूल बदलायची वेळ तुम्हाला कशी कळते? भाऊसाहेबांना प्रश्न कळला. जगात त्याचं उत्तर त्यांच्याइतकं कोणाला येत नव्हतं. पण सात सिनेमांत ते वाक्य कुठेच नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला तपासणीचे फोटो काढायला मोबाईल आत न्यायची परवानगी होती. मी व्हिडिओ काढत होतो. हात हलू नये म्हणून श्वास रोखला होता. मॅनेजर म्हणाले, "गायके, बाजूला व्हा," आणि पाहुण्यांना पुढं घेऊन गेले.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ कारखानाभर झाला. जागा एका नव्या इंजिनिअरला मिळाली. "ए गायके" बंद झालं; त्याऐवजी "ए डॉन" सुरू झालं. जेवताना लोक म्हणायचे, "डॉन, एकदा पाठ फिरवा की." पहिले काही दिवस त्यांनी फिरवून दाखवली. नंतर ते ताट घेऊन मशीनपाशीच बसू लागले. दिवाळीआधी राजीनामा दिला.

बऱ्याच महिन्यांनी मी पेढ्यांचा पुडा घेऊन गंगापूरला त्यांच्या घरी गेलो. भाऊसाहेबांनी चहा सांगितला, पंखा माझ्याकडे वळवला. मी सगळं कबूल केलं: सिनेमे मुद्दाम निवडले, "फर्स्ट क्लास" खोटं होतं, व्हिडिओ माझाच. त्यांनी पेढ्यांचा पुडा उघडून माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "जाऊ द्या सर. तुम्ही शिकलेले. तुम्हालाबी तवा शब्द सुचला नसंल."

मी मान डोलावली. तेवढंही खोटं बोललो.

वहिनी दारात उभ्या होत्या. चहाचा कप त्यांनी माझ्या हातात न देता खाली ठेवला.

"सुचला नाय कसा? हात मोबाईलमधी गुतला व्हता," त्या म्हणाल्या. "तुमच्यापरीस आमचा बैल बरा. पायात माणूस आलं तर थांबतो तरी."