काकींनी पसंत केलेलं कुलूप

२ जुलै १९९९. टाइम-ऑफिसचं जुनं कपाट रिकामं करायला घेतलं. जुन्या संगणकाला दोन हजार साल झेपणार नाही म्हणून नवा येतोय, आणि हजेरी-पगाराचं नवं सॉफ्टवेअर पास करून त्यावर उद्या मी सही करायची आहे. फ्लॉप्या, वायरी, उंदरांनी कुरतडलेला कागद असं सगळं पोत्यात भरता भरता खालच्या फळीवर एक खोळ सापडली. आमच्याच कारखान्यात रंग बिघडून बाद झालेल्या फुलाफुलांच्या कापडाची. काकींनी ती संगणकासाठी शिवली होती. ती बघितली आणि माझं डोकं फिरलं. दुपारपर्यंत ताळ्यावर आलं नाही.

काकींना रागवायचं असलं की त्या आधी चष्मा काढून टेबलावर ठेवत. कारण विचारलं तर म्हणत, "समोरच्याचं तोंड नीट दिसलं का माझा राग पातळ होतो. मग बोलायचं ते राहूनच जातं." चष्मा टेबलावर टेकला की सुपरवायझर दारातूनच मागे फिरत. काकी चिंचणीच्या. मॅट्रिक झालेल्या, विधवा, आणि बोईसरच्या आमच्या कारखान्यात टाइम-ऑफिसच्या, म्हणजे हजेरीखात्याच्या, मुख्य. हेलपरपासून मालकापर्यंत सगळे त्यांना काकीच म्हणत. मी तेव्हा त्यांच्या हाताखालची टायपिस्ट, आता त्यांच्या खुर्चीत. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "लाली-पावडर लाव, नको लाव, मला काय नाय. पण खाडाखोड केलीस तर घरी पाठवीन."

खाडाखोडीचा त्यांना मनापासून तिटकारा होता. महिनाअखेर आली की खिडकीशी सुपरवायझरांची रांग लागे. कुणाच्या मेहुण्याची अर्धी हजेरी पूर्ण करायची, कुणाचा नावडता माणूस हजर असून गैरहजर दाखवायचा. यादवजी तर लाडू घेऊन येत. "काकी, एक बार देख तो लो."

"देखा. अब जाओ. लाडू भी ले जाओ."

त्यामुळे नव्वदीच्या सुरुवातीला संगणक घ्यायचं ठरलं तेव्हा सगळं ऑफिस घाबरलं, आणि काकी एकट्या खूश झाल्या. दोन कंपन्यांची माणसं मुंबईहून आली आणि कँटीनमध्ये त्यांनी आपापलं सॉफ्टवेअर दाखवलं. पहिल्याचं वापरायला सोपं होतं, झालेली चूक केव्हाही सुधारता येत होती. दुसऱ्याचं किचकट, पण महिना एकदा बंद केला की त्यात कुणाला काही बदलता येत नव्हतं. काकींनी दुसऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारला. "एकदा दाबलं का मालकालापण उघडता येणार नाय ना?"

"नाही मॅडम. कुणालाच नाही."

"मग हाच घ्या."

पुढचे दोन महिने त्यांनी संगणकाला सून घरात घेतल्यासारखं वागवलं. खोळ शिवली. चप्पल घालून जवळ येऊ दिलं नाही. सुपरवायझरांना एकेक करून बसवून शिकवलं. नावं आम्ही दोघींनी भरली. कंपनीच्या माणसाने रजांचे प्रकार विचारले तेव्हा काकींनी धडाधड सांगितले: आजारपणाची, किरकोळ, हक्काची, बाळंतपणाची. भाताची लावणी सांगितली नाही. कारण लावणी ही रजा आहे असं त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आमच्या रंगखात्यात मासवणकडची बरीच माणसं होती. डोंगरउतारावर भाताचे लहान तुकडे असलेली. जुलैत त्यांच्यातला एकेक जण खिडकीशी यायचा आणि म्हणायचा, "काकी, आवण तयार हाय." रोपं तयार आहेत, एवढाच त्याचा अर्ज. काकी म्हणायच्या, "जा, पण गौरीपर्यंत रेंगाळू नको." हजेरीतल्या त्याच्या जागा कोऱ्या राहायच्या. कोरं म्हणजे लावणी, हे कारखाना सुरू झाल्यापासून सगळ्यांना ठाऊक. पगार नाही, पण नोकरी शाबूत. लावणी आटोपली की माणूस यायचा, रानातल्या टाकळ्याची किंवा कंटोळ्यांची एक जुडी-पुडी खिडकीत ठेवायचा आणि कामाला लागायचा.

त्या जुलैतही काकींनी त्यांच्या जागा कोऱ्या ठेवल्या, महिना बंद केला आणि चहा मागवला. संगणकाला कोऱ्याचा अर्थ एकच शिकवलेला होता. त्याने त्या सगळ्यांच्या नावापुढे छापलं: नोकरी सोडली.

हजेरीची कार्डं आता संगणकच छापत असे. लावणी उरकून मासवणचा जान्या पहिला परत आला. गेटवरच्या फळीत त्याने आपलं कार्ड दोनदा शोधलं आणि मग खिडकीशी आला. "काकी, माझा कार्ड नाय." मागून आणखी एक आला, त्याचंही नव्हतं. काकींनी चष्मा काढला नाही. त्या जान्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग उठून थेट पर्सोनेलच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग.

साहेब हसत होते. ते हसू मला अजून दिसतं. "काकी, मी काय करू? सिस्टीम उघडत नाही. तुम्हीच तर पसंत केलीत."

"मुंबईवाल्याला बोलवा."

मुंबईवाला आला. आला आणि चहा पिता पिता सहज बोलून गेला की तसं उघडता येतं. हेड ऑफिसचा पासवर्ड असतो, साहेबांनी एक पत्र दिलं की अर्ध्या दिवसाचं काम.

काकींनी चष्मा काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. "मला म्हणालात उघडत नाय. द्या पत्र."

साहेब पत्र द्यायला तयार नव्हते. कायम नोकरीतली माणसं कमी करायची त्यांची इच्छा जुनीच होती. आयती संधी चालून आली होती, आणि दोष द्यायला यंत्र होतं. "नियम सगळ्यांना सारखा," म्हणाले.

"नियम? बारा महिने त्या रंगाच्या वाफेत कोण उभा राहतो? तुमचा नियम? चूक माझी हाय, मी लिहून देते. माझा पगार कापा, मला काढा. त्यांना कशाला?"

"काकी, आवाज खाली."

"नाय करणार."

आठवडाभर त्या रोज केबिनमध्ये गेल्या. मालकाच्या बंगल्यावरही जाऊन आल्या. तिथे त्यांना सरबत दिलं, एवढंच. शेवटी ती माणसं परत घेतली, पण ठेकेदारामार्फत. तेच हौद, तीच वाफ, फक्त नोकरी कायम नाही. जान्या आजही तिथे आहे, आणि आजही ठेकेदाराचा माणूस आहे. काकींनी त्याच दिवशी राजीनामा दिला. त्यांनी निरोप समारंभ होऊ दिला नाही. जाताना संगणकावर खोळ घातली, नीट ओढून सरळ केली. खोळीवर राग काढणं त्यांना पटणारं नव्हतं.

मी अधूनमधून चिंचणीला जात असे. त्या बोंबील तळून वाढायच्या आणि जेवताना हटकून तोच विषय काढायच्या. "मी कुलूप बघितलं गो. चावी कोणाच्या खिशात ते विचारलं नाय." मी म्हणायची, तो माणूस तुमच्याशी तोंडावर खोटं बोलला. त्यावर म्हणायच्या, "त्याचं खोटं त्याच्यापाशी. माझा प्रश्न अर्धा होता." त्या गेल्या वर्षी वारल्या. शेवटपर्यंत रागात होत्या. लोक म्हणतात माणसाने जाताना राग सोडावा. मला ते पटत नाही. ज्यांच्यावर राग होता ते मजेत होते, मग काकींनी का सोडावा?

खोळ मी पोत्यात टाकली नाही. धुऊन वाळत घातली.

३ जुलै. सकाळी ती नव्या संगणकाच्या बाजूला घडी करून ठेवली. सॉफ्टवेअरवाला मुलगा तयार होता, तेच साहेब आता केस काळे करून खुर्चीत होते, कागद माझ्यापुढे होता. मी म्हटलं, "रजेचे प्रकार उघडा. पहिलं नाव लिहा, लावणी. अर्जाशिवाय, खिडकीवर सांगितलं तरी चालेल अशी. ठेकेदाराच्या माणसांनाही. आणि बंद झालेला महिना कोण उघडू शकतं, ते नावानिशी लिहून इथे सही करा. मग माझी होईल."

साहेब म्हणाले, "बाई, आता कशाला जुनं उकरून..."

मी चष्मा काढला आणि खोळीवर ठेवला.