शांतवनकाकांनी गाळू न दिलेली वचनं

शांतवनकाका शुक्रवारी गेले आणि त्यांच्या चहाविरुद्धची माझी तक्रार कायमची प्रलंबित राहिली.

नगरला जन्मलेला माणूस कपभर पाणी मायक्रोवेव्हमध्ये ठेवतो, त्यात टी-बॅग बुडवतो आणि वरून फ्रिजमधलं गार दूध ओततो.
धर्मशास्त्रात याला प्रायश्चित्त नाही. असं कोणी करेल हे ऋषींना सुचलंच नसावं.

तरी दर गुरुवारी संध्याकाळी मी तो चहा प्यायलो. इथे अमेरिकेत, नोव्हायमधल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये चार-पाच मराठी ख्रिस्ती कुटुंबं जमायची आणि आळीपाळीने, मोठ्याने बायबलातली स्तोत्रसंहिता वाचायची.
मी पाठशाळेत शिकलेला ब्राह्मण. जुन्या वळणाची मराठी कानावर पडावी म्हणून गेलो होतो.

इथल्या मराठी मंडळातल्या एका मित्राने वेळीच सावध केलं. "यार, बाटवतील तुला."
मेधा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "याला बाटवून काय करणार ते? त्यांच्याच चुका काढत बसेल."

मीही सावधच होतो. काका कधी विचारतात याची वाट बघत होतो.
विचारलंच नाही. त्याने संशय आणखी वाढला.

सुरुवातीलाच माझ्या हातून एक घोटाळा झाला.
वाचायची पाळी माझी होती. स्तोत्रातला माणूस देवापुढे शत्रूंची फिर्याद मांडत होता. त्यांचे दात पाड, त्यांचं नाव पुसून टाक, वगैरे.
असली वचनं गाळून पुढे जायचा तिथे रिवाज. सगळ्यांना ठाऊक, मला नाही. आणि पाठशाळेत आमचं एक अक्षर गळलं तरी गुरुजी पहिल्यापासून म्हणायला लावत.
मी सगळे दात खणखणीत आवाजात पाडले.

कोणी कोणाकडे बघेना.
काका म्हणाले, "थांबू नकोस, पंत. वाच."

तेव्हापासून फिर्यादीचं स्तोत्र आलं की पाळी माझी.

एकदा चिडून म्हटलं, "काका, शाप द्यायला ब्राह्मण ठेवलाय का?"
"उच्चार स्वच्छ आहेत तुझे," ते म्हणाले. "अर्ज नीट वाचता आला पाहिजे."

अर्ज कशाचा, ते बेसमेंटमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

काकांचा मुलगा नोएल कॉलेजात असताना रस्ता क्रॉस करताना गेला. गाडी चालवणारी पोरगी एकोणीस वर्षांची, नजर फोनवर.
काकांनी जन्मभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले. त्या दिवसाबद्दल ते एवढंच सांगायचे, "ब्रेक चांगले होते. मी चौकशी केली."

कोर्टात त्यांनी तिला सगळ्यांसमोर माफ केलं. जवळ घेतलं. मंडळाच्या व्हॉट्सॲपवर जोडलेल्या हातांची रांग लागली.

मला ती क्षमा कधी पटली नाही.
माफ केलंय, तर दर गुरुवारी हे दात कोणाचे?

शेवटी विचारलंच.
"माफ केलंय," काका म्हणाले. "फिर्याद मागे घेतलेली नाही."
"म्हणजे?"
"माझ्या हातात राहिलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत आहे. म्हणून त्याच्या हातात दिलं. न्याय करायचा तर त्याने. दया करायची तर तीही त्यानेच."
मग म्हणाले, "आम्ही ही स्तोत्रं येशूच्या तोंडची म्हणून वाचतो, पंत. शाप मागणाराही तोच, आणि क्रुसावर तो शाप अंगावर घेणाराही तोच."
"फिर्यादी तो, न्यायाधीश तो, शिक्षाही तोच भोगणार? असल्या कोर्टात मी पाऊल टाकणार नाही, काका."
"तुला कोण बोलावतंय?" ते हसले. "तू वकील. वाच."

काका जाण्याच्या दोन दिवस आधी, दुपारी, अखेरच्या दिवसांत ठेवतात त्या हॉस्पिसमध्ये मी गेलो. आवाज अगदी खोल गेला होता.
"पंत, त्या पोरीला बाळ झालंय. तिच्या आईने फोन केला होता."
"बरं झालं की."



"मी इतकी वर्षं शाप मागितला. त्याने ऐकलं असेल तर?"

  त्यांची बोटं चादर चाचपत होती.

"आज दयेचं वाच."
"तुमच्यासाठी?"
"तिच्यासाठी. बाळासाठी. उरली तर माझ्यासाठी."

वाचलं. काका डोळे मिटून ओठ हलवत होते. मध्येच माझं मनगट धरलं, ते सोडलं नाही.

आज अंत्यविधीच्या उपासनेत चर्चचे पाळक म्हणाले, काका देवाच्या दयेत विसावले. सगळे आमेन म्हणाले. माझ्या तोंडून निघालं नाही.

देव आहे की नाही, यावर मी मत राखून ठेवलंय. इतकी दर्शनं शिकल्यावर तेवढं एकच जमतं. आजवर त्यामुळे काही अडलं नव्हतं.

आता अडलंय.
काकांनी आपला सगळा राग कोणाच्या तरी हाती दिला, म्हणून ते जगू शकले. शेवटी घाबरून त्याच्याचकडे त्या पोरीसाठी दया मागितली.
त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. ते मागणं माझ्याशिवाय कोणीच ऐकलं नसेल, याची मला भीती वाटते.

बरं काका, या आता.