बारा मिनिटांचा ॲम्प

माझा गिटारचा ॲम्प बिघडण्यात अत्यंत वक्तशीर होता. सुरू केला की बारा मिनिटं झकास वाजायचा. मग आवाज पापड मोडल्यासारखा व्हायचा, छोट्या पडद्यावरची अक्षरं गोठायची आणि कुठलंही बटण दाबलं तरी तो दाद द्यायचा नाही. डिजिटल होता. आत चाळीस नमुन्यांचे आवाज होते, त्यांपैकी मला तीन पुरत होते.

हे नेमकं कोजागिरीच्या आधी दोन आठवडे घडलं. आमच्या धायरीच्या सोसायटीत त्या दिवशी गच्चीवर मसाला दूध आणि गाणी असतात. बायको लग्नाआधी उत्तम गायची. नंतर नोकरी, मुलगी, सासूबाईंचं आजारपण यात गाणं मागे पडलं ते पडलंच. यंदा ती आपणहून म्हणाली, "मी एक भावगीत म्हणेन. तू साथ करशील का?" मी अशा थाटात होकार दिला, जणू परदेश दौराच ठरला होता.

आता, मी हिंजवडीत सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये मुरलेला माणूस. वीस वर्षं परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकल्या. आमचा धर्म एकच: बिघाड आधी पुन्हा घडवून दाखवायचा, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि सगळं नोंदवायचं. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. पंखा चालू, पंखा बंद. बैठकीतला प्लग, स्वयंपाकघरातला प्लग. एकदा ॲम्प फ्रिजवर ठेवला, का ते विचारू नका.

चाचणीला सतत आवाज हवा, म्हणून बायकोला म्हणायचो, "तू नुसता मुखडा म्हणत राहा." ती म्हणायची. बाराव्या मिनिटाला पापड. मी लगबगीनं नोंद करायचो, वायर बदलायचो. "हं, पुन्हा पहिल्यापासून."

पाचव्या संध्याकाळी ती गाता गाता थांबली. "अहो," ती म्हणाली. एरवी आमच्यात 'तू' चालतं. 'अहो' आलं की तक्रार थेट वरच्या साहेबांपर्यंत गेलेली असते. "अंतरा कधी घ्यायचा?"

"हा प्लग एकदा बघू, मग घेऊ."

दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त शिक्षिका काकूंकडे जाऊ लागली. त्यांच्याकडे पेटी होती. मला वाटलं, बरं झालं, शांतपणे काम करता येईल. पण शांतता कसली, मी या प्लगकडून त्या प्लगकडे येरझारा घालत होतो. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा टेबलाखाली स्क्रू चाचपत बसायचो.

कोजागिरीला तीन दिवस उरले, तेव्हा सुट्टी टाकली, ॲम्प स्कूटरवर पायांत धरला आणि सिंहगड रोडचा धूर खात कसबा पेठेत पोचलो. तिथे मंडळांचे लाउडस्पीकर दुरुस्त करणारे एक आजोबा होते. मी आधी छापून आणलेला तक्ता पुढे केला. त्यांनी तो उलटा धरला, मग सुलटा.

"हे सगळं तुम्ही केलंत?"

"हो."

"आणि दुरुस्त?"

"ते नाही झालं."

त्यांनी मागची पत्र्याची पाटी काढली. "उघडला कोणी होता?"

"मीच."

"चार स्क्रू कमी आहेत."

"घरी आहेत."

"राहू देत. बोलावू नका त्यांना." आत टॉर्च मारून ते बराच वेळ बघत राहिले. "सगळं सर्किट एकाच पट्टीवर आहे. पट्टी तापली की झोपते. तशी दुसरी मिळत नाही, आणि हिच्यात हात घालायला जागा नाही."

"काहीच नाही होणार?"

"पुसून देतो हवं तर."

आणि खरंच पुसून दिला.

परतताना प्रत्येक सिग्नलला माझ्या डोक्यात एक नवी चाचणी उगवत होती. घरी आलो, ॲम्प पलंगाखाली सरकवला, लॅपटॉपवरचा तक्ता पुसून टाकला आणि ॲम्प न लागणारी जुनी लाकडी गिटार घेऊन समोरच्या दाराशी उभा राहिलो. दार उघडंच होतं. आत बायको अंतरा म्हणत होती. तिचा आवाज वर चढत होता, सैल, मोकळा, आणि तिथे पोचून जरा रेंगाळत होता. इतके दिवस माझ्यासमोर ती खालच्या सुरात घुसमटत होती, पण चाचणीला तेवढं पुरत असल्यानं ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

गाणं संपलं. "काकू, पट्टी कुठली ही?" मी विचारलं.

"काळी चार. तुम्ही हिला इतक्या खाली, पांढरी तीनमध्ये गायला लावत होतात म्हणे. का हो?"

"गिटारला सोपी पडते."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मीही हसलो, पण ते जमलं नाही.

"झाला का ॲम्प?" बायकोनं विचारलं.

"नाही. सोडला तो."

"बस मग. गिटार कोपऱ्यात ठेव. आज वाजवू नकोस, नुसतं ऐक. अंतरा अजून तू ऐकलेलाच नाहीस."

मी बसलो. बोटं मांडीवर वळवळत होती, ती हाताखाली दाबून धरली. काकूंनी पेटीचा भाता ओढला.