शेवटची बादली

आमच्या नांदे गावच्या घरात अंघोळीची पाळी ठरलेली. आधी मामंजी, मग सासूबाई, मग नवरा, मग मुलं. मी सगळ्यात शेवटी. म्हशीचं शेण काढायचं, झाडलोट करायची, डबे भरायचे, मग बाईनं अंगावर पाणी घ्यायचं, ही तिथली रीत. आधी न्हाऊन परत शेणात हात घालणार का, म्हणायच्या सासूबाई. बरोबरच होतं म्हणा. फक्त म्हशीचं शेण दुसऱ्या कुणी काढलं असतं तर काय बिघडलं असतं, हे विचारायचं नसतं.

रस्त्याकडची जमीन बिल्डरला देऊन बंगला बांधला, तेव्हाच स्लॅबवर सोलर बसवलं होतं. बोअरच्या जड पाण्यानं काही वर्षांत त्यात क्षार धरला. मुलांची अंघोळ होईपर्यंत कोमट यायचं आणि माझ्या बादलीत नुसतं गार. गीझर लावावा तर सकाळी नेमकी लाईट गेलेली. गॅसवर पाणी तापवायला ठेवलं की सासूबाईंच्या कपाळाला आठ्या. मला दम्याचा त्रास. थंडीत गार पाणी अंगावर पडलं की श्वास अडकायचा, शिट्टी वाजायची छातीत. बाहेरून सासूबाई म्हणायच्या, "नाटकं बघा हिची!"

एकदा सोलरवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "दुरुस्ती केली तर थोडे दिवस ढकलंल. न्हाईतर नवीनच बसवा." रात्री जेवताना विषय निघाला.

"नवीन कशाला?" मामंजी म्हणाले. "गार पाण्याचं इसाण घातल्याबिगर मला अंगावर घेववत न्हाई."

"झकास चाललंय की," सासूबाई म्हणाल्या. नवराही म्हणाला, हो, कडक येतं पाणी.

मी भाकरी वाढत होते. न राहवून बोलले, "माझ्यापर्यंत येईस्तोवर गार होतं."

"मग कामं लवकर उरकावीत," सासूबाई म्हणाल्या. "हात चालवायला नगं, अन् सोलर नवं पायजे म्हणं!"

नवरा ताटात बघून जेवत राहिला. ज्यांच्या अंगावर गरम पाणी पडतं त्यांनाच विचारायचं, पाणी गरम येतं का! वा रे न्याय! दुरुस्तीसुद्धा झाली नाही. तो हिवाळा गेला, पुढचाही गेला.

मग त्या दिवाळीला नणंद आणि जावई आले. जावई हिंजवडीत कंपनीत, सुट्टीला उशिरा उठणारे. पहिल्या अंघोळीला सगळे पहाटे उठले, जावयासाठी पाणी राखून अर्ध्या बादलीत न्हाले; जावई झोपलेलेच. सासूबाई मला म्हणाल्या, "पावनं उठायच्या आत तू उरक. दिवाळीची पारोशी फिरू नगं." मी गेले. आणि देवा, बादलीत वाफ! उटणं लावून ते पाणी मी डोक्यावरून घेतलं आणि छाती मोकळी झाली. रडलेच मी तिथं, खरं सांगते.

थोड्या वेळानं जावई न्हाणीघरातून ओरडले, "अहो, पाणी बर्फ आहे!"

सासूबाई धावल्या. सगळ्यांदेखत माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "हिनं संपवलं वो सगळं! हिला कसला दम हाय?" मुलं माझ्याकडं बघत होती.

भाऊबीज झाली आणि लगेच नवं सोलर आलं. मोठं, चकचकीत. माझ्या इतक्या हिवाळ्यांनी जे झालं नाही, ते जावयाच्या एका बादलीनं झालं. तरी मला आनंद झाला. म्हटलं, कुणाच्या का निमित्तानं होईना, आता शेवटच्या बादलीलाही गरम येईल.

सोलरवाल्यानं विचारलं, "जुनं भंगारात देऊ?"

"भंगारात कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "मागल्या मोरीला जोडा. हिला तितंच करू दे अंघोळ. नव्यातलं पुन्यांदा पावन्याला कमी पडाया नगं."

जुनं सोलर मागल्या मोरीच्या छतावर बसवलं. त्याला लागूनच शेजारची चार मजली बिल्डिंग उठली होती. तिकडं ऊन दुपारचं जरासं डोकावून जायचं. जोडून झाल्यावर नवरा मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेला. मोरीचा नळ सोडला. गार पाणी माझ्या पायावर पडलं.

"बघ," तो हसून म्हणाला, "आता तुझं स्वतःचं सोलर झालं."

चेष्टा नव्हती ती. त्याला मनापासून वाटत होतं, मी खूश होईन.