तिसऱ्या वायरची उचकी

तेलगावात दगडाबाईची पिठाची गिरणी होती. पट्ट्याच्या खडखडाटात बोलून बोलून तिचा आवाज असा चढला होता, की तिनं कुणाच्या कानात गुपित सांगितलं तरी चौकातल्या रिक्षावाल्याला कळायचं. त्यामुळं तिचा आवाज खाली आला तेव्हा गावाच्या लगेच ध्यानात आलं.

डबा उचलला की धाप लागायची. पाय सुजायचे. आडवं पडलं की जीव गुदमरायचा, म्हणून उशीवर उशी रचून ती टेकूनच झोपायची. "पीठ गेलंय छातीत, दुसरं काय!" म्हणून तिनं विषय मिटवला. पण सून आम्रपाली ऐकणारी नव्हती. तिनं गिरणीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि सासूला बीडच्या एसटीत बसवलं.

हृदय कमजोर झालंय, असं बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं. काही महिने गोळ्या झाल्या. सूज उतरली, पण धाप हटेना. मग त्यांनी संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं.

बाईंनी ईसीजीची पट्टी पुढं धरली. "मावशी, हृदयाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी आवळल्या पाहिजेत. तुमच्या डाव्या बाजूला विजेचा इशारा उशिरा पोचतो. म्हणून रक्त नीट पुढं ढकललं जात नाही. खांद्यापाशी कातडीखाली छोटं यंत्र बसवू. त्याच्या तीन बारीक वायरी हृदयात जातील आणि दोन्ही बाजूंना बरोबर इशारा देतील."

"शॉक न्हाई ना बसायचा?"

"तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

ऑपरेशनच्या वेळी खांद्यापाशी तेवढीच जागा बधिर केली होती, दगडाबाई टक्क जागी होती. दोन वायरी पटकन बसल्या. तिसरी हृदयामागच्या नागमोडी शिरेतून डावीकडं न्यायची होती, ती सारखी मागं यायची.

"रस्ता सापडंना का बाई?" कापडाखालून दगडाबाईनं विचारलं.

"वळणं फार आहेत, मावशी."

"मग धारूरच्या घाटावानी बेतानं घ्या. मी निवांत हाय."

सगळे हसले आणि वायरही बसली.

घरी आल्यावर निराळंच सुरू झालं. डाव्या कुशीवर वळलं की उचक्या! "कोण एवढी आठवण काढतंय?" नवरा बन्सीनं विचारलं. दगडाबाईनं वडवणीच्या बहिणीला फोन लावला. "छबे, मला आठवू नको गं, पोट दुखायला लागलं!"

"मी कावून आठवू? मी भांडी घासायलेय," छबुबाई म्हणाली.

आम्रपाली मात्र हसली नाही. तिनं सासूची नाडी धरली. प्रत्येक ठोक्याला एक उचकी. तिनं संभाजीनगरच्या दवाखान्यात फोन केला. बाईंनी लगेच बोलावलं.

"पुन्हा फाडत्यात का काय," असं दगडाबाई एसटीत आम्रपालीला सारखं विचारत होती. बाईंनी तिच्या छातीवर तळहाताएवढं उपकरण ठेवलं आणि पडद्यावर बघून दोन-चार बटणं दाबली. "छाती आणि पोटाच्या मधे श्वासाचा पडदा असतो, त्याची नस तिसऱ्या वायरीजवळून जाते. तिलाही इशारा पोचत होता, म्हणून उचकी. वायर तीच, फक्त इशारा तिच्या दुसऱ्या जागेवरून सोडला. वळा आता डावीकडं."

दगडाबाई वळली. वाट बघत राहिली. काहीच नाही.

"गेली की! कातरी न्हाई, सुई न्हाई! बाई, गिरणी चालवू का मग?"

"चालवा. चालत्या मोटरीवर छाती टेकवून वाकू नका, हातभर लांब राहा. आणि काही आठवडे डाव्या हातानं डबा उचलायचा नाही."

मग डबे उचलायचं काम बन्सीकडं आलं. जन्मभर गिरणीबाहेर पेपर वाचणारा हा माणूस भुवयांपर्यंत पांढरा होऊन घरी येऊ लागला.

पुढच्या तपासणीत हृदयाची ताकद चांगली वाढलेली दिसली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दगडाबाई पांढरं लुगडं नेसून शेवटपर्यंत चालली. सरबताच्या टेबलापाशी बायकांनी तिला घेरलं. खांद्याखालचा उंचवटा सगळ्यांनाच हात लावून बघायचा होता. वडवणीहून आलेली छबुबाई रेटारेटी करत पुढं आली, बोट टेकवलं आणि म्हणाली, "अगं, गरम लागंना की!"

"पाण्याचा बंब हाय का ते, गरम लागायला!" दगडाबाई म्हणाली. "हो बाजूला, मागच्यांना बघू दे."