कर्नलच्या जोडीला लान्सनाईक

सुभेदारकाकांशी मी खोटं बोललो होतो, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि काकींना तर नाहीच. खोटं एका कुत्र्याच्या जेवणाबद्दल होतं. एवढ्याशा गोष्टीचं ओझं पन्नाशी उलटलेल्या माणसानं वागवावं हे हसण्यासारखं आहे. मीही बरीच वर्षं ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. कचेरीतल्या कारकुनीवर माझी साताऱ्याला बदली झाली आणि सदर बझारात सुभेदारकाकांच्या घराची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली. पहिल्याच सकाळी अंगणातून आरोळी आली, "कर्नल, बैठ! कर्नल, खडा हो! शरम नहीं आती, कर्नल?" एवढा मोठा अधिकारी सकाळी सकाळी कुणाच्या तावडीत सापडला म्हणून मी खिडकीतून डोकावलो. बनियन आणि खाकी अर्ध्या चड्डीतले काका एका उंच, हाडकुळ्या, करड्या कारवानी जातीच्या कुत्र्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे होते. मला बघून म्हणाले, "सारी नोकरी कर्नलनं मला उठवलं-बसवलं, बाबू. आता पेन्शनीत मी कर्नलला उठवतो-बसवतो."

फौजेत कारकुनाला बाबू म्हणतात, म्हणून मी बाबू. बाबूशी सगळे गोड बोलतात, कारण रजेचे कागद त्याच्या हातात असतात. काका माझ्याशी गोड बोलत ते याच जुन्या सवयीनं, असं मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो.

खरं तर कर्नल त्यांचा एकही हुकूम पाळत नसे. 'बैठ' म्हटलं की तो सावकाश चालत जाऊन ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीत चढून बसे आणि काका खालच्या पायरीवर टेकत. काकी कुंडलच्या. तोंड म्हणजे पट्टा. "आवं, त्येला खुर्ची आन् तुमाला पायरी? ह्या घरात सुभेदार कोन हाय ते तरी सांगा."

"म्हातारा झालाय त्यो. सीनियरला मान द्यावा लागतो."

"आन् मी? मी काय कालची हाय व्हय?"

"तू हेडक्वार्टर," काका म्हणत आणि पायरीवरच जरा सरकून बसत.

त्यांची आणखी एक सवय होती, रिपोट घ्यायची. संध्याकाळी मी कचेरीतून आलो की फाटकातच प्रश्न यायचा, "बाबू, रिपोट?" याला उत्तर एकच, "सब ठीक." एकदा मी आल्या आल्या सांगून टाकलं, "काका, विहिरीवरची मोटार जळाली." त्यांनी मला फाटकाबाहेर परत पाठवलं आणि पुन्हा आत यायला लावलं. "आदी 'सब ठीक' म्हनायचं. मंग काय बिघडलंय ते सांगायचं. ऐकनाऱ्याचं काळीज जाग्यावर ऱ्हातं." मी पुन्हा आत आलो, "सब ठीक, मोटार जळाली" म्हणालो, आणि ते समाधानानं म्हणाले, "हां. आता बोल."

मग काकांच्या पोटात दुखू लागलं. आतड्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लांबवू नका. मुलगी सांगलीत दिलेली होती, जावयानं मिरजेच्या दवाखान्यात सगळं ठरवलं. काका मात्र जायला तयार होईनात. कारण कर्नल. मागे एकदा ते लग्नाला बाहेरगावी गेले होते तेव्हा कर्नलनं ते परत येईपर्यंत अन्नाला तोंड लावलं नव्हतं. "ऑपरेशनला म्हैना जाईल," काका म्हणाले, "तवर माझा कर्नल मरंल. त्यापेक्षा गाठ राहू दे." काकी स्वयंपाकघरात पदरानं डोळे पुसत मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी काय बी सांगा, कसं बी सांगा, पन ह्यो मानूस दवाखान्यात गेला पायजे."

तोडगा काकांनीच काढला. कर्नलला जोडीदार आणायचा. जोडीला कुणी खाणारं असलं की तोही खाईल. मात्र जोडीदार लहान हवा. "मोठा आनला तर चार्ज कुनाकडं ह्यावरनं जुंपंल. एका पलटनीत दोन कर्नल चालत न्हाईत. आन् पिल्लू बी नको. रंगरूट लय रडतो. ट्रेनिंग झालेला, ल्हान रँकचा पायजे."

त्या काळात आमच्याकडे ज्याच्या घरी फोन आला त्याच्या घरी पाठोपाठ पांढरं झुबकेदार पॉमेरियन येत असे. सांगलीला एक बागवान चाचा फळांच्या व्यापाराबरोबर हा धंदाही करत. रविवारी आम्ही एसटीनं सांगलीला गेलो. काकांच्या काखेत कर्नलचं अंथरूण होतं, म्हणजे वर्षानुवर्षं त्यानं निजून निजून कळकट केलेलं फौजी ब्लँकेट. त्याच्या वासानं आमच्या पुढचं-मागचं बाक कराडपर्यंत रिकामं राहिलं. काका म्हणाले, "बघ, कर्नलचा दरारा."

चाचांच्या परसात द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या रचल्या होत्या आणि त्यांच्यामधून छोटी कुत्री हिंडत होती. "बघा ओ सुभेदारसाब, एकेक खानदानी हाय. डाक्टर लोक घेऊन जातेत."

"खानदान नको. छाती किती?"

"छाती? कुत्र्याची?" चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेट्यांकडे पाहिलं.

काकांनी खिशातून शिंप्याची टेप काढून खरोखरच छात्या मोजल्या. मग जर्मनची थाळी फरशीवर आपटली. निम्मे उमेदवार पेट्यांमागे पळाले, ते तिथंच नापास. उरलेल्यांसमोर त्यांनी ते ब्लँकेट अंथरलं आणि आम्हाला गप्प उभं केलं. एकानं हुंगून त्याच्यावर पाय वर केला. "भायेर काढा ह्येला. साहेबाच्या बिछान्याची इज्जत न्हाई." एक त्याच्याकडे बघून भुंकत राहिला. "ह्यो युनियन करंल." शेवटी एक मळकट, आखूड पायांचा, शेपटीचे केस झडलेला कुत्रा आला. त्यानं ब्लँकेट सावकाश हुंगलं, कडेला गोल फिरून बसला, नाक त्यात खुपसून झोपी गेला. मधली जागा त्यानं मोकळी सोडली होती.

"ह्यो," काका हळूच म्हणाले.

चाचा ओशाळले. "सुभेदारसाब, खोटं न्हाई बोलनार. त्ये एकांनी परत आनून दिलंय. लय खातंय."

"खानाराच पायजे!" काका म्हणाले, आणि परतीच्या एसटीत त्याला मांडीवर घेऊन त्याची नेमणूक लान्सनाईक म्हणून जाहीर केली. काकींनी दारातच त्याचा लान्स्या करून टाकला.

कर्नलनं लान्स्याला एकदा हुंगलं आणि नंतर तो नसल्यासारखाच वागला. काकांच्या मते अधिकारी असंच वागतात. आता परीक्षा घ्यायची होती. काका आणि काकी एका रात्रीसाठी पाटणला भावाकडे गेले. मी दोन थाळ्यांत दूध-भाकरी कालवून ठेवायची, बघायचं आणि रिपोट द्यायचा. कर्नलनं खाल्लं तर काका मिरजेला जाणार, नाहीतर नाही.

कर्नलनं खाल्लं नाही. थाळीकडे आला, वास घेतला आणि फाटकाकडे तोंड करून बसला. लान्स्यानं आपली थाळी चाटूनपुसून साफ केली, कर्नलकडे एकदा पाहिलं आणि त्याचीही साफ केली. मी दुसरी भाकरी कालवली. तीही लान्स्यानं संपवली.

दुसऱ्या दिवशी काका फाटकातूनच ओरडले, "बाबू, रिपोट?"

"सब ठीक," मी म्हणालो. ते वाट बघत थांबले. सांगायचं असेल ते त्यानंतर सांगायचं असतं. मी काही सांगितलं नाही. त्यांनी दोन्ही चकचकीत थाळ्या पाहिल्या आणि कर्नलची मान दोन्ही हातांनी धरून हलवली. "शाब्बास रं गड्या!"

काकांचा जीव वाचावा म्हणून मी खोटं बोललो, असं मला म्हणता येईल. काकींचे डोळे मी पाहिले होते, तेही खरं आहे. पण खरं कारण फार लहान होतं. परीक्षा फसली असती तर पुढच्या रविवारी पुन्हा सांगली, पुन्हा टेप, पुन्हा ते ब्लँकेट. आणि त्या रविवारी क्रिकेटची मॅच होती. घरात टीव्ही एकच, काकांच्या खोलीत, आणि खेळ चालू असताना ते फिल्डिंगला हुकूम सोडत. मला ती मॅच, काका मिरजेला असताना, एकट्यानं, शांतपणे बघायची होती. मी ती पाहिली. आपण जिंकलो की हरलो ते मला आठवत नाही.

ऑपरेशन नीट झालं, पण जखम चिघळली आणि मुक्काम वाढला. जरा उभं राहता येऊ लागल्यावर काका काकींच्या खांद्यावर हात ठेवून दवाखान्याच्या दारातल्या एसटीडी बूथवर यायचे आणि रात्री दर उतरल्यावर आमच्या शेजारच्या वाण्याकडे फोन करायचे. "बाबू, रिपोट?" मी म्हणायचो, सब ठीक. "काय खाल्लं?" दूध-भाकरी. "लान्सनाईक जोडीला असतो न्हवं?" असतो, काका.

तो जोडीला असायचाच. तो बिचारा दोघांचं जेवत होता. मी कर्नलसाठी अंडी आणली, मटणाचा रस्सा आणला, हातानं तोंडात घास घातला. तो घास जिभेनं बाहेर ढकलायचा, अगदी सभ्यपणे, मला वाईट वाटू नये अशा बेतानं. पाणी मात्र प्यायचा. कारवानी कुत्र्याच्या बरगड्या एरवीही दिसतात, त्यामुळे आहे तसाच आहे, अशी मी स्वतःची समजूत घालू शकत होतो, आणि घालतही होतो.

एका रात्री फोनवर काका एकदम म्हणाले, "बाबू, काय कमी-जास्त वाटलं तर सांग बरं. मी टाक्यासकट येतो. गाडी करतो आन् येतो." मागून काकी ओरडल्या, "खूळ लागलंय काय तुमाला!" मी तोंड उघडलं होतं. ते खरंच आले असते. आता खोटं बोलायला मला पहिल्यांदाच चांगलं कारण मिळालं होतं. मी म्हणालो, सब ठीक.

कर्नल त्यानंतर थोड्याच दिवसांत गेला. फाटकाकडे तोंड करून, बसल्या जागीच. उचलताना मी जोर लावला आणि तोल जाऊन मागे गेलो, इतका तो हलका झाला होता. परसात खड्डा मी एकट्यानं खणला. लान्स्या काठावर बसून होता. त्या दिवशी तोही जेवला नाही.

फोनवर मी सांगितलं, "काका, कर्नल गेला. झोपेतच. काल संध्याकाळी चांगला जेवला होता."

 मग काका म्हणाले, "जेवला व्हता न्हवं?"

"हो."

"मंग झालं. वयच झालं व्हतं त्याचं. उपाशी गेला असता तर मला सोसलं नसतं, बाबू."

काका बरे होऊन आले तेव्हा लान्स्या पिंपासारखा गोल झाला होता. त्याला बघून ते पोटावर हात दाबून हसले. "अरारा! ह्यो तर क्यांटीनचा ठेकेदार झालाय!" इतकं खाल्लेलं कुत्रं समोर असताना त्यांना शंका यायला हवी होती. पण ज्याच्यावर त्यांचा विश्वास बसला त्याच्याबद्दल शंका घेण्याची त्यांना सवयच नव्हती.

यानंतर काका कुत्र्यांच्या बाबतीत तज्ज्ञ झाले. साताऱ्यात निवृत्त फौजींना तोटा नाही आणि त्यांच्या कुत्र्यांनाही नाही. कुणाचं अल्सेशियन झुरतं, कुणाचं डॉबरमन खात नाही, की मंडळी काकांकडे येत. काका खुर्चीत बसून सल्ला देत, "ल्हान जोडीदार आना. माझा कर्नल मी नसताना शेवटपातूर जेवला. इचारा ह्या बाबूला, त्यानं डोळ्यांनी बघितलंय." सगळे माझ्याकडे बघत. मी मान हलवत असे. माझ्या मानेवर भरवसा ठेवून साताऱ्यात कितीतरी लहान कुत्री मोठ्या कुत्र्यांच्या घरी नांदायला गेली. काही जोड्या छान जमल्याही. त्याचा मला जास्तच त्रास झाला.

पुढे माझी सांगलीला बदली झाली. काका स्टँडवर पोचवायला आले. लान्स्या त्यांच्या काखेत. माझ्या शेजारच्या सीटवर एक अनोळखी म्हातारे बसले होते. काकांनी खिडकीतून त्यांना हाक मारली, "आवं दादा, जरा संबाळून न्या आमच्या मानसाला. माझ्या कर्नलला ह्यानं शेवटच्या दिसापातूर जेवू घातलंय. पोटच्या पोरानं केलं नसतं." म्हाताऱ्यांना वाटलं, कुणी खरेच कर्नलसाहेब असावेत. त्यांनी मला हात जोडले. गाडी सुटली.

दोन पावसाळ्यांनंतर काका गेले. मी गेलो होतो. काकी माझा हात धरून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यामुळं ह्येंना वर्सं मिळाली." त्याही वेळी मी काही बोललो नाही.

काकी आता सांगलीतच मुलीकडे असतात, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. थकल्या आहेत, पण बोलणं तेच आहे. दर दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन जातो. त्या डबा ठेवून घेतात आणि कर्नलचा विषय काढतात. कर्नल माझ्या हातून एक घासही न खाता गेला, आणि तो खाणार नाही हे मला पाटणच्या त्या रात्रीपासून ठाऊक होतं, एवढं मला त्यांना सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.