क्रमांक २१४ आणि टोप्यांची भिशी

मासा क्रमांक २१४ त्या उन्हाळ्यात नऊ वेळा पकडला गेला होता. नऊ फॉर्म टेबलावर ओळीने मांडून माझी बॉस लिंडा उभी होती.

"एक तर ही वर्षातली सगळ्यात चांगली बातमी आहे," ती म्हणाली, "नाहीतर कुणीतरी आपली गंमत करतंय. अक्षर बघ."

नऊही फॉर्मवर अक्षर एकच होतं. नावं मात्र नऊ. गोखले, सावंत, पाटील, देशपांडे आणि आणखी पाच. लिंडाने माझ्याकडे पाहिलं. तिला जे विचारायचं होतं ते आमच्या ऑफिसात विचारता येत नाही. मीच म्हणाले, "हो, मराठी आहेत. नाही, मी कुणालाच ओळखत नाही."

मी फिशरीज बायॉलॉजिस्ट आहे. सरकारी नोकरी. स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावाच्या आसपासच्या ओढ्या-नद्यांमध्ये मासे किती आणि केवढे, हे मोजणं माझं काम. पुढच्या मंगळवारी त्यातल्या एका ओढ्याबद्दलच्या माझ्या प्रस्तावावर पब्लिक हिअरिंग, म्हणजे जाहीर सुनावणी होती.

स्मॉलमाउथ बास हा गोड्या पाण्यातला भांडखोर मासा. थंड ओढ्यात तो सावकाश वाढतो. त्या ओढ्यावर बारा इंचांच्या वरचा बास घरी नेता येत असे, माणशी दिवसाला सहा. माझा प्रस्ताव होता पंधरा इंच आणि दिवसाला दोन. त्याहून लहान मासा लगेच पाण्यात सोडायचा. म्हणजे कढईत जाण्याआधी त्याला एक-दोनदा तरी अंडी घालायची संधी मिळते.

विरोध होता वॉल्टचा. वय सत्तरच्या पुढे, तिथल्या गळवाल्यांचा पुढारी. त्याचं म्हणणं सरळ होतं. "सोडलेला मासा मरतोच. मग माझ्या कढईत मेला तर बिघडलं कुठे?"

याला उत्तर टॅगने द्यायचं होतं. टॅग म्हणजे माशाच्या पाठीत टोचलेली, शेवईएवढी बारीक पिवळी प्लास्टिकची नळी. तिच्यावर नंबर असतो. मासा पकडणाऱ्याने टॅगचा नंबर, तारीख, जागा, लांबी आणि आपलं नाव फॉर्मवर भरून पाठवायचं. बदल्यात खातं बास भरतकाम केलेली एक टोपी देतं. नऊदा सोडूनही जिवंत असलेला २१४ म्हणजे वॉल्टला चोख उत्तर. पण टोपीसाठी कुणी घरबसल्या फॉर्म भरत असेल, तर सगळेच टॅग संशयास्पद.

"सोमवारपर्यंत नक्की कर," लिंडा म्हणाली. "नाहीतर प्रस्ताव मागे घेते."

तीन वर्षांचं काम होतं ते.

नऊही फॉर्मवर तारखा शनिवारच्या आणि जागा एकच होती, म्हणून शनिवारी सकाळी मी त्या पुलाखालच्या वळणावर पोचले. नऊ फोल्डिंग खुर्च्या, नऊ निवृत्त माणसं, नऊ डोक्यांवर आमच्या खात्याच्या नऊ टोप्या. चहाचा मोठा थर्मास. चिवडा फिरत होता. गळ एकच.

सगळ्यांनी माझा युनिफॉर्म पाहिला. न मागता नऊ फिशिंग लायसन्स बाहेर आली.

"नमस्कार," मी म्हणाले. "हे फॉर्म कोण भरतं?"

"अगं बाई, ही आपलीच!" एक काकू ओरडल्या. "कुठली गं तू?"

"नागपूरची."

"आधी चहा द्या तिला."

गोखले काकांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "मी भरतो. मी हाडांचा डॉक्टर होतो, तरी माझं अक्षर वाचता येतं."

"आणि मासा कोण पकडतं?"

"हे गोखलेच," मघाच्या काकू म्हणाल्या. त्या सावंत काकू, मालवणच्या. "दुसऱ्या कुणाला येतंय? पाटलांनी गळ टाकला तो स्वतःच्याच शर्टात."

"एकदाच," पाटील म्हणाले.

"मग नावं नऊ कशी?"

काकांनी स्टीलचा डबा पुढे केला. आत घडी घातलेल्या चिठ्ठ्या. दर शनिवारी एक चिठ्ठी उचलायची. नाव निघेल, त्या दिवसाचा मासा त्याचा आणि टोपीही त्याची. भिशीच होती ती. नववी टोपी आल्यावर पहिली फेरी संपली होती.

"काका, फॉर्मवर 'मासा पकडणाऱ्याचं नाव' लिहिलंय."

"ज्याचा नंबर, त्याचा मासा," काका शांतपणे म्हणाले.

"आणि सोडून का देता? आत्ताच्या नियमात घरी नेता येतो."

"मी शाकाहारी आहे."

मी सावंत काकूंकडे पाहिलं. त्यांनी नाक मुरडलं. "गोड्या पाण्यातला? चिखल लागतो गं जिभेला. सुरमई खाल्लेल्या माणसाने हे खायचं?"

मी वहीत 'स्वेच्छेने सोडला' असं लिहिलं. मग म्हणाले, "मला तो मासा आज बघायचाय. डोळ्यांनी."

काकूंनी पर्समधून डबी काढली. गळाला लावलेल्या रबरी खेकड्याला बोटाने सुक्या जवळ्याची पूड चोळली. काकांनी गळ टाकला. पाऊण तास काही झालं नाही. चिवडा संपला.

मग गळाची काठी वाकली. नऊच्या नऊ माणसं उठली, चार खुर्च्या आडव्या झाल्या. "ढील द्या!" "ओढा!" "गोखले, गुडघा!" लोकांना चाळीस वर्षं गुडघे जपायला सांगणारे काका कंबरभर पाण्यात घसरले. मासा दोनदा हवेत उडाला. सरकारी निरीक्षकाने तटस्थ राहावं असा नियम आहे. मी बुटांसकट पाण्यात उभी राहून "ओढा काका, ओढा!" असं ओरडत होते.

पिवळा टॅग. २१४.

फोटो काढला. मापपट्टीवर माशाचं तोंड मिटवून, शेपटी चिमटीत धरून लांबी घेतली. पंधरा इंचांना केसभर कमी. सोडला. टाळ्या पडल्या.

मंगळवारी हिअरिंगला दुसऱ्या रांगेत नऊ टोप्या बसल्या होत्या. मी जे घडलं ते सांगितलं. नावं चुकीची, मासा खरा. मग फोटो दाखवला.

वॉल्ट उठला. "म्हणजे नऊ माणसं एकच मासा दहा वेळा पकडतात आणि खात कुणीच नाही?"

"बरोबर."

बोर्डाच्या दोन सदस्यांनी कागद तोंडापुढे धरले. वॉल्ट गोखले काकांकडे वळला. "मी आयुष्यभर त्या पुलाखाली उभा राहतोय. मला तो एकदाही लागला नाही. गळाला लावता काय?"

"हा प्रश्न अजेंड्यावर नाही," चेअरमन म्हणाले.

"माझ्यासाठी एवढाच प्रश्न अजेंड्यावर आहे."

सावंत काकूंनी उठून डबी दिली. वॉल्टने उघडून दीर्घ श्वास घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डबी बंद करून त्याने स्वतःच्या खिशात टाकली आणि तो खाली बसला.

"तुमचा विरोध कायम आहे का?" चेअरमननी विचारलं.

"त्याला पंधरा इंचांचा होऊ दे," वॉल्ट म्हणाला. "मग मी बघतो."

प्रस्ताव एकमताने मंजूर झाला.

त्यानंतर लिंडाने आणि मी फॉर्म दुरुस्त केला. आता त्यावर नंबर, तारीख, जागा आणि लांबी एवढंच आहे. खाली टोपी पाठवायचा पत्ता. पकडणाऱ्याच्या नावाचा रकाना काढून टाकला. मासा कुणी पकडला याची आम्हाला कधीच गरज नव्हती. आम्ही उगाच विचारत होतो.